ताप येत नाही

दिवाळीनंतर रचलेला खताचा ढीग
मार्गशीर्ष उजाडला तरी गार.
छपराच्या कामातून उरलेली सळई
संध्याकाळी मधोमध खुपसते,
सकाळी उपसून मनगटाला लावते.
विहिरीच्या कठड्याइतकीच थंड.

खुपसण्याआधी सळई झटकते मी, दोनदा.
पारा उतरवायची जुनी खोड.
आरोग्यकेंद्रात एकतीस वर्षं लोकांचे ताप उतरवले :
कपाळावर पाण्याच्या घड्या, गोळ्या, रात्रपाळ्या.
चढवायचा कसा,
ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

विसू खोत गडग्यापलीकडून म्हणाला,
"शेण घाला, सिस्टर. शेणाशिवाय काय होत नाय."
घातलं.
दापोलीचा कृषी सहायक मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाला,
"हवा लागत नाही त्याला."
पहारीनं भोकं पाडली.
भोकांत खेकड्यांनी बिऱ्हाड केलं.

मग एका दुपारी पदर खोचून
पेशंट तपासावा तसा तपासला.
वास : कुजका नाही, आंबट नाही,
बंद ट्रंकेसारखा कोरडा.
मूठभर घेऊन पिळला.
एखादा थेंब गळायला हवा होता,
गळली ती वाळू.
आंब्याची पानं अजून चकचकीत,
पोफळीच्या विऱ्या टाकल्या तशा आख्ख्या,
सोडणांचा मात्र डोंगर.
उंची माझ्या गुडघ्याएवढी.
एवढ्याशा अंगात ऊब राहणार कुठे,
त्यात पुळणीवरचा वारा
असेल नसेल ती ओल चाटून नेतो.

उपाशी आहे हा, मी मोठ्यानं म्हटलं.
आणि म्हटल्यावर तिथेच बसले, चिऱ्यावर.

फार खंगलेल्या मुलाला कधी कधी तापही येत नाही,
आत सगळं बिघडलेलं असतं
आणि थर्मामीटर म्हणतो, ठीक आहे.
मी एकदा त्याच्यावर विश्वास ठेवला होता.
त्या मुलाचं नाव लक्षात आहे.
इथे लिहीत नाही.

हर्णैची रुकय्या टोपली रिकामी करून परतताना
बादलीभर बांगड्यांची डोकी ठेवून गेली,
पैसे म्हटल्यावर हसली.
कोयत्यानं विऱ्या बोटभर चिरल्या,
सोडणं निम्मी बाजूला काढली,
गिरिपुष्पाचा पाला, शेणकाला, पाणी,
पुन्हा पाला,
मासळी पार पोटात, कुत्र्यांना सुगावा लागू नये इतकी खोल,
तरी एक रात्रभर घुटमळलंच.
ढीग कमरेला आला.
वाऱ्याच्या अंगाला झापं उभी केली.

पहिला दिवस, काही नाही.
दुसरा, कोमट, किंवा मला वाटलं तसं.
तिसऱ्या पहाटे सळई उपसली
आणि हातातून सुटलीच.
भोकातून वाफ आली,
पोफळींच्या उंचीपर्यंतही न पोचता विरली.

रुकय्यानं तळवा टेकवला, झटकन मागे घेतला.
"या अल्ला, सिस्टर, ह्यो तर फणफणलाय!"
मी घरातून जुनी वही आणली,
तारीख घातली, वेळ घातली,
उपचाराच्या रकान्यात
काय लिहायचं ते सुचेना.

चार दिवसांनी उलटायचा आहे.
फावड्याचा दांडा हलतोय,
त्याआधी पाचर मारून घ्यायला हवी.