पाच बोटं

डंडीच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी
बाद केलेली पुस्तकं विकायला काढतात,
पौंडाला तीन.
बाहेर टे नदीचा वारा दाराला लाथा घालत होता
आणि आत आम्ही दोघं, मी आणि शाल्मली,
वय नऊ, शाळेत शॅल, घरात शालू.

लेकीनं निघताना बजावलं होतं,
बाबा, जरा चांगलं बघून घ्या. तिच्या वयाला शोभेल असं.
चांगलं म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
बेचाळीस वर्षं मिरजेत पुस्तकं बांधली,
चांगलं पुस्तक मला पाठीकडून कळतं.
उघडून टेबलावर ठेवावं, उताणं पडून राहिलं पाहिजे.
कण्यावर अंगठा फिरवावा, आतला दोरा जाणवला पाहिजे.
मग वास. मोरचूद घातलेल्या खळीचा वास
या देशात कुठून येणार, पण सवय.
आत काय लिहिलंय ते बघणं गिऱ्हाइकाचं काम.

मी दोन निवडली.
एक पक्ष्यांचं, सोळा-सोळा पानांच्या घड्या, रेशमी फीत.
दुसरं चांगल्या मुलांविषयी कसलंसं,
वर एक मुलगा म्हातारीला हात धरून रस्ता ओलांडून देतोय.
शालूनं म्हातारीकडे बराच वेळ पाहिलं.
"पण तिला जायचंय का पलीकडे?"
मी ते परत ठेवलं.

ती घेऊन आली ते शहराखालच्या गटारांचं.
विटांचे बोगदे, उंदीर, चरबीचा बसएवढा गोळा
आणि त्यावर उभा राहून हसणारा कामगार.
कणा पाहिला. नुसता डिंक.
"महिन्याभरात पानं गळतील."
"महिन्याभरात वाचून होईल."

काउंटरवरच्या इश्बेलबाईंनी, हातात अर्धं बिस्किट,
आम्हाला एक नियम सांगितला:
कुठलंही पान उघडा, न कळलेल्या शब्दाला एक बोट.
पाच झाली, तर पुस्तक अजून जड आहे.
शालूची गटारावर दोनच बोटं.
आता आजोबा, म्हणाल्या.
मी पक्ष्यांचं पान उघडलं.
तिसऱ्या ओळीलाच माझा पंजा पुरा उघडला,
जणू रस्त्यावर कुणाला थांब म्हणतोय.
कुणी हसलं नाही. तेच जरा लागलं.

संध्याकाळी बॅगेतून माझं काढलं,
येण्याआधी मी स्वतः शिवलेलं,
निळं कापड, कोपऱ्यांना चामडं, मराठी, मोठा टाइप.
ती ओठ हलवत वाचू लागली.
परसात, एक. रांजण, दोन.
हुंदडत. उगीचच.
पाचवा शब्द आजोळ.
अगं, आजोळ म्हणजे, मी म्हटलं, आणि थांबलो.
तिचं आजोळ म्हणजे मी,
आणि मी तर इथंच, सोफ्यावर,
तिच्या मोज्यांच्या ढिगाशेजारी.

पुस्तक वाईट नव्हतं.
शिवण तर फारच चांगली होती.

रात्री लेकीचा डेंटल फ्लॉस आणि गोधडीची सुई घेऊन
गटारांच्या पुस्तकाला तीन टाके घातले.
दाभण नव्हतं, कंपासाच्या टोकानं भोकं पाडली.
आता ते उताणं पडणार नाही,
आणि पाठीला पुदिन्याचा वास येतो.
लेक दारात येऊन उभी राहिली,
चरबीचा गोळा तिनं पाहिला,
काही बोलली नाही, दिवा तेवढा जवळ सरकवला.

शालू वाचून दाखवू लागली.
मी प्रामाणिकपणे बोटं उचलत गेलो.
एकाला ती थांबली, दोनला थांबली,
भुयार कसं वळतं ते उशी वाकवून दाखवलं,
आंघोळीचं पाणी कुठून निघून कुठे जातं,
तीन, चार, नदीपर्यंत.
पाचवं बोट वर आलं.
नियमाप्रमाणे पुस्तक मिटायला हवं होतं.
तिनं माझा अंगठा धरला, परत मुडपला,
आणि पान उलटलं.