सहा अंश

दौंडच्या पोल्ट्रीवाल्याकडून आणली तेव्हा
पिकअपमध्ये कोंबडीखाद्याचा वास होता. अजून आहे.
पुढची दोन्ही चाकं आपापल्या मर्जीची,
एक खड्ड्यात गेलं तरी
दुसऱ्याला पत्ता नाही.
डांबरावर हे बरं असतं.
मला डांबरावर जायचं नव्हतं.

खडकीत मुदलियारकाकांच्या भंगारात
लष्करी लिलावातली एक जोंगा पडली होती,
बॉडी गेलेली, नंबर गेलेला,
पण पुढचा ॲक्सल अख्खा:
या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच लोखंड,
मधला गोळा जरा एका बाजूला,
गालात सुपारी धरल्यासारखा.
काका म्हणाले, "हे किलोवर नाही देत.
माणूस बघून देतो."
मग त्यांनी माणूस बघितला
आणि किलोच्या तिप्पट लावले.

घरी वैजूने हिशेब विचारला.
सांगितला, त्यातले अठरा हजार गाळून.
"एवढ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं."
खरं होतं.
रात्री बादलीत पडणारे थेंब मोजत झोपलो.

भोसरीत, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, अन्वर शिकलगारची शेड.
त्याचे आजोबा पेठांमधून
विळ्या-कात्र्यांना धार लावत हिंडायचे.
अन्वर धार लावत नाही, जोडतो.
पण जोडण्याआधी त्याने गॅस कटर पेटवला
आणि पुढचे जुने आर्म चेसिसपासून तोडले,
एकेक दाढ काढावी तसे.
आता मागे फिरता येत नाही,
हे दोघांनाही कळलं.
अन्वरने चहा मागवला.

पाटे कात्रजहून, शॅकल आमचे आम्ही कापलेले,
ॲक्सलवर वेल्ड केलेल्या पाट्यांच्या बैठका.
रविवारी संध्याकाळी जॅक काढले.
उंच झाली होती, गबाळी, खांदे पाडून उभी.
मी आवारातून तीसच्या स्पीडला नेली
तर स्टीअरिंग हातात राहीना,
गाडी लग्नातून प्यायलेला पाहुणा निघावा तशी,
प्रत्येक दाराशी थांबू बघणारी.

"कास्टर गेला," अन्वर म्हणाला.
किंगपिन वरून मागे झुकायला हवी, सहा अंश.
आमची सरळ उभी,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.
चूक माझी. अँगल गेज शेजारच्याने नेलेलं,
आणि मीच म्हणालो होतो,
"तुझा डोळा काय कमी आहे का?"
कौतुकाला माणूस नाही म्हणत नाही.

मग ग्राइंडर. जोडलेलं कापायला
जोडण्याच्या चौपट वेळ लागतो
आणि त्यात कोणी कोणाशी बोलत नाही.

दुसऱ्या खेपेला भाग्याच्या कंपासपेटीतला कोनमापक.
मधल्या भोकात दोरा, दोऱ्याला नट.
धरायला ती स्वतः आली, आठवीतली,
वेल्डिंगचा चश्मा नाकावरून घसरतोय,
ॲक्सलशी वाकून:
"चार. साडेचार. थांबा अन्वरकाका,
दोरा हलतोय. श्वास सोडू नका."
शेडमध्ये कोणी श्वास सोडला नाही.
पलीकडच्या पोराने लेथ बंद केला.
"सहा."
दोन टाके पडले. मग पुढचे.

हे कागदावर कुठे बसत नाही,
आरटीओसमोर तर नाहीच.
ट्रेलरवर घालून मोशीच्या बंद खाणीत नेली.
डावं चाक दगडावर चढलं
आणि उजवं तेवढंच खाली दबलं, माती धरून.
वर गेलेल्याची खबर
खालच्याला लोखंडातून पोचत होती,
मधे कोणी सांगणारा नाही.

मला वाटलं, अन्वर आता काहीतरी मोठं बोलेल.
तो म्हणाला, "बंप स्टॉप अर्धा इंच कमी पडतोय."

सोमवारी भाग्याला भूमितीची चाचणी होती.
कोनमापक परत मागितला,
तर नव्वदच्या पुढचा काठ
वेल्डिंगच्या धगीने वितळलेला.
"विशालकोन आला तर?" तिने विचारलं.
आम्ही दोघं
गाडीखाली बघत राहिलो.