पेन्सिलीनं लिहिलेलं

पुड्यांवर पेन्सिलीनंच लिहायचं, पप्पा म्हणायचे,
शाई ओल्या बोटांना भिते.
सोलापुरात, मंगळवार पेठेत,
काष्ठौषधीच्या दुकानात बावीस वर्षं
दुसऱ्याची तागडी धरली त्यांनी.

मी अल ऐनला, विद्यापीठाच्या वनौषधी केंद्रात
पानं कुटते.
खलात आधी द्रव नायट्रोजन ओतायचा.
पांढरी वाफ टेबलावरून पायांवर उतरते,
पान काचेचं होतं, कडकन मोडतं,
मग पीठ, इतकं बारीक
की पप्पांचं वस्त्रगाळ चूर्ण भरड वाटावं.
त्यातून जनुकांचा धागा काढायचा.
औषधी झाड सुखासुखी देत नाही.
ज्यानं ताप उतरतो तेच नळीत
शेंबडासारखं चिकटून बसतं.
पुन्हा धुवा, पुन्हा फिरवा.
कडू झाडं हट्टी असतात, डॉक्टर रौधा म्हणतात,
आणि का कोण जाणे, मला ऐकून बरं वाटतं.

मार्चमध्ये वादीत गेलो होतो.
वादी म्हणजे कोरडी नदी, वाडी नव्हे,
घरी फोनवर दोनदा सांगावं लागलं.
दुर मोहम्मदनं गाडी थांबवली: शुकाआ!
मी उकिडवी बसले.
जांभळं इवलं फूल, बोटात शिरलेला काटा,
अरे, हा तर धमासा,
तिसऱ्या रांगेतला, खालून दुसरा खण.

गाफच्या सावलीत डबे उघडले.
गाफ म्हणजे आपली शमी.
दोन पानं पर्समध्ये टाकली,
नमुना म्हणून नव्हे.

शेळ्यांमागून उम्म सुहैल आली.
धमासा रात्रभर पाण्यात, म्हणाली, उघड्यावर,
सकाळी तापाच्या पोराला.
माझ्या फॉर्मात रकाना होता: मात्रा.
एक मूठ.
कुणाची मूठ?
तिनं माझ्या हाताकडे पाहिलं.
तुझी नाही.

घाईत होते. ऊन डोक्यावर आलेलं.
नळ्यांवर लॅटिन नाव लिहायचा नियम,
मी लिहिलं ते हाताला आलं ते.

ऑगस्टात, एका शनिवारी रात्री,
उणे ऐंशीचा फ्रीझर गेला.
धोक्याचा मेसेज ज्याच्या फोनवर जायचा
तो लग्नाला कोट्टयमला.
रविवारी दार उघडलं तर आकडा
अधिक नऊ.
अल्कोहोल झिरपलेलं,
मार्करची अक्षरं विरघळून
ट्रेमध्ये निळं पाणी साचलेलं, छान दिसत होतं.
सहा वर्षांच्या नळ्या,
एकीलाही आपलं नाव सांगता येईना.

एक डबा तेवढा वाचता येत होता.

हे काय, डॉक्टर रौधांनी नळी उजेडात धरली.
मी खाली बघितलं.
त्यांनी स्टूल ओढलं, रजिस्टर उघडलं. वाच.
धमासा, मी म्हटलं.
शुकाआ, त्यांनी लिहिलं.
इंद्रावण. कडू असतं, हिरवं कलिंगडासारखं, एवढंसं.
हंझल.
सोनामुखी. इश्रिक.
रुई, आमच्याकडे मारुतीला घालतात पानांची माळ.
अशखर, आमच्याकडे उंटही तोंड लावत नाही,
म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

वादीत आता रस्त्याचं काम चालू आहे,
दुर मोहम्मद सांगत होता, रोलर फिरतोय.
म्हणजे धमासा एवढाच, चार नळ्या,
त्याही एक रात्र उबलेल्या.
जेलवर तीन नळ्यांचा नुसता फराटा उमटला,
ओल्या पाटीवरून मनगट फिरावं तसा.
चौथीची रेघ आली. बारीक. आली पण.

सव्विसाव्या नळीवर एकच शब्द होता: मूठ.
कुठल्या झाडाची, किती आठवलं तरी
ऊन आठवतं, शेळ्या आठवतात.
हे झाडाचं नाव? त्यांनी विचारलं.
नाही, माप आहे.
त्या थोडा वेळ थांबल्या,
मग रजिस्टरात उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहिलं,
बरंच लांब.
मी सत्ताविसावी नळी उचलली.