डावे आटे

महूच्या लिलावातला शक्तिमान
देवास नाक्यावर जॅकवर चढलाय.
खासगीवाल्यांना बोअरच्या मशीनसाठी हवा,
काळ्या मातीत रुतता कामा नये.
म्हणून मागची जोडचाकं काढून
एकेकच घालायचं, छातीएवढं.

डावीकडचा नट काही सुटेना.
नवा पोरगा पाइपला नुसता लोंबकळतोय.
बब्बन उस्ताद हसला, "भिया, उलटे आटे आहेत.
घट्ट करतोयस तू."

मग कुरकुरत सुटला.
बाहेरचं चाक निघालं, आणि मधून
मुठीएवढा दगड पडला,
करडा, अभ्रक चमकणारा.
आपल्या माळव्यातला नाही.
कुठल्या घाटापासून
दोघांनी मिळून धरून ठेवलेला.

मडगार्ड चार बोटं कापलं, नवं चाक बसलं.
दगड उस्तादाने भंगारात फेकला,
पुन्हा शोधून आणला,
चाकाखाली सारला.

हँडब्रेक अजून लागत नव्हता.