प्रश्न बाद

महिन्याचा शेवटचा रविवार, पतसंस्थेची माडी,
खुर्च्या कमी, वंशावळी जास्त.
कुणी नळीत घालून आणलीय, कुणी पिशवीत घडी करून,
बापूसो चौगुल्यांची तर अकरा फूट,
उलगडायची म्हटलं की दोघांनी उठून भिंतीपर्यंत जायचं.
मी फळ्यापाशी. गुण लिहितो.
खडू माझा, डस्टर माझं,
भांडण सगळ्यांचं.

बक्षीस टेबलावर: गुळाचा रवा, लहानातला,
आणि त्यावरनंच पहिला प्रश्न.
रवा म्हणजे काय?
ठाण्याचा जावई हात वर करून म्हणाला, "शिऱ्याचा."
माडी हलली.
नेजदार सर म्हणाले, पावणं हाईत, अर्धा गुण द्या.
दिला.

कपिलतीर्थात आज काय मिळतं?
"मेथी." "कोथमीर." "सुट्टे सोडून सगळं."
वरुणतीर्थ कुठं गेलं?
फिरोज शिकलगार बसल्या जागी टाच आपटतो,
"मैदानाखाली हाय. पावसाळ्यात वर येऊन बघून जातंय."

गुदस्ता म्हणजे कधी, परार म्हणजे कधी.
दिस कासराभर वर आला म्हणजे किती वाजले?
इथं दोन गट भिडले.
एक म्हणाला आठ.
दुसरा म्हणाला, कासरा कुणाच्या बैलाचा, त्यावर हाय.
दोघांनाही पूर्ण गुण, कारण चहा यायचा होता.

पंचगंगेच्या नद्या?
कासारी कुंभी तुळशी भोगावती, एका दमात,
आणि सरस्वती.
ती दिसत नाही, तरी धरायची.
हे सगळ्यांना पाठ.

नववा: कोल्हापुरात बाई घरातनं निघताना काय म्हणते?
जावई आता सावध. "येते."
"येतो!" अख्खी माडी एकदम.
सरांनी फळ्याकडं हात केला,
"पुरावा उभाच हाय की. काय ओ तारामतीबाई?"
"काय सांगू," मी म्हणालो,
"फोनवर दोन वाक्यं बोललो की
पलीकडचे मला दादा म्हणतात."
(तुम्हीही फसला असाल, तर वरनं परत वाचा.)

दहावा सरांच्या चिठ्ठीत नव्हता.
सुनेत्रा मगदूमनं टाकला, बशी पुसता पुसता,
"आपापल्या खापरपणजीचं माहेरचं आडनाव सांगा. कुणीबी."

अकरा फुटांचा कागद सरसरला.
बोटं फिरली: भरमू, सुभाना, येसजी, इब्राहीम,
शेजारी 'पत्नी',
पुढं रेघ.
दारात बैल बांधून हेळव्यानं पोथी वाचली होती, त्यातही तेवढंच,
भिंगाखाली मोडी लावून वाचली, तिच्यातही.
पंखा आवाज करतो
हे तोवर ठाऊक नव्हतं.

"प्रश्न बाद," बापूसो म्हणाले. "नोंदच न्हाई, तर..."

खडू हातात तसाच.
"बापूसो, तुमच्यात तुपाला काय म्हणता?"
"तुप्प."
"आणि शेजारी?"
"तूप. सगळी गल्ली हसती आम्हाला.
आजी म्हणायची तुप्प. तिला तिच्या सासूनं..."
मधेच थांबले.
चष्मा काढला, पुसला, उलटा घातला.
"म्हणजे चिकोडीकडची? का संकेश्वर?"
कुणाला ठाऊक.
रुखवताच्या यादीत कुणी लिहिला नाही
असा एक शब्द घेऊन आली,
एवढं मात्र खरं.

फिरोज म्हणाला, आमच्या दादीची एक शिवी हाय,
कुठल्याच गावात सापडत नाही.
चालंल, मी म्हणालो, शिवी पण चालंल.
पण ती त्यानं बायकांसमोर सांगितली नाही,
सुनेत्राला शेवटपर्यंत राग.

रवा फोडला, कागदावर वाटला. कोण जिंकलं विसरलो.
माझ्या खापरपणजीचं मला कुणी विचारलं नाही,
बरं झालं.

जिन्यात सगळ्या बायका म्हणाल्या, येतो.
जावई म्हणाला, येते.
उरलेला अर्धा गुण त्याला द्यायला परत वर गेलो
तर फळ्यावर, दहाव्याच्या रिकाम्या घरात,
थरथरत्या हातानं, माझ्याच खडूनं:
तुप्प.