गेल्या वर्षीची

शोरूममध्ये दोघी शेजारी उभ्या:
यंदाची आणि गेल्या वर्षीची.
फरक इतकाच की दिव्यांची भुवई जरा बारीक झालीय
आणि किमतीनं चांगलंच बाळसं धरलंय.

उल्सानच्या गोदीत बत्तीस वर्षं
जहाजांचे पत्रे सांधलेला ब्योन मान-सिक
नवीच्या पडद्यावर बोट ठेवतो.
पडदा ढिम्म.
पुन्हा ठेवतो.
विक्रेता म्हणतो, जरा हलकेच, साहेब.
हलकेच तर ठेवलंय.
घट्टे पडलेल्या कातडीला
काच माणसात धरत नाही.

ओक-बुन केव्हाची गेल्या वर्षीच्या गाडीत बसलीय,
रेडिओचं बटण फिरवतेय, खट्, खट्.
"इकडे या," म्हणते. "हिला हात कळतो."

सही करता करता तो विचारतो,
परवापरवापर्यंत हीच नवी होती ना?