प्रश्न एक्केचाळीस

अकरा वर्षं मी तिच्या वह्या टाइप केल्या,
ग्रोनिंगनमध्ये, कालव्याकडच्या खोलीत,
जिथे मार्चपर्यंत दौतीतली शाई गोठायची
आणि स्टोव्ह माझ्या टाचांपुरताच तापायचा.

खेशे विआर्दा. दूधवाल्याची मुलगी.
चर्चच्या चौथ्या बाकावर वाढलेली;
तिथे 'देह' हा शब्द
फक्त पावाबद्दल उच्चारत.
ती तानिंबारला गेली, बोटीने, सात आठवडे.
ट्रंकेत क्विनीन,
लोकरीचे मोजे (कशाला, कोण जाणे)
आणि एकसष्ट प्रश्नांची यादी.

आधी कोण कोणाकडे बघतं?
भेटता कुठे? पावसात कुठे?
नको असेल तर 'नको' कसं म्हणता?
म्हातारपणी?

सुरुवातीला माझी बोटं अडखळायची.
ठरावीक शब्द आला की मी उगाच कागद सरळ करायची,
खिडकीतून बदकं बघायची,
मग एका दमात ओळ संपवायची.
यंत्राची घंटा वाजायची, सुटल्यासारखी.
पुढे सरावले. एका रात्री नवऱ्याला थोडंफार सांगितलं.
तो बराच वेळ गप्प. मग अंधारातून,
"पावसात कुठे, म्हणतात?"

डीनसाहेबांनी प्रबंध परत धाडला.
तिसरं प्रकरण लॅटिनमध्ये करा म्हणाले,
म्हणजे ज्यांना कळू नये त्यांना कळणार नाही.
तिने केलं नाही.
प्राध्यापकपद मासेमारीच्या जाळ्यांवर लिहिणाऱ्या
गृहस्थांना मिळालं.
जाळ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही.

वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं:
झोपडीच्या फटीला भिंग लावून बसलेली बाई.
तिचा भाऊ वर्षभर
मागच्या गल्लीने दूध घालत होता.

पण वही सोळा.
दोमिंगास नावाची म्हातारी, विणकरीण,
मागाचा पट्टा कमरेला, गालात तंबाखू.
चाळीस प्रश्नांची उत्तरं तिने धागा न तोडता दिली,
दोनदा एवढी हसली की ताणा सैल पडला.
मग एक्केचाळिसावा. सुख कशाला म्हणता?
तिने हात थांबवले.
"आधी तू सांग.
तुला विचारलंय कधी कोणी?"

त्याखाली खेशेने तारीख घातलीये.
वाऱ्याची दिशा लिहिलीये. ईशान्य.
पुढे पान कोरं.

मी विचारलं होतं, हे कसं टाइप करू?
ती खिडकीशी पाठमोरी, अंगातला कोट तसाच.
म्हणाली, "तेवढी जागा सोड."

काल खोकी अभिलेखागारात पोचवली.
कारकून नोंदवत होता:
वह्या तेवीस, पैकी एक पान रिकामं.
मी म्हटलं, रिकामं नाही ते.
त्याने चष्म्यावरून पाहिलं,
आणि तरीही 'रिकामं'च लिहिलं.

ट्रंकेच्या तळाशी मोजे निघाले,
दुकानाची दोरी अजून तशीच.
त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात बसेना.
मी घरी आणले.
पायात आहेत आत्ता.